चवथीआधी रंग, दसऱ्याआधी बुरशी: पावसाळ्यात घरातली हवा दर वर्षी का बिघडते?

तक्रार साधारण अशी असते. जुलै अर्धा सरला की बेडरूममध्ये कुबट वास सुटतो. कपाट उघडलं की चामडी पट्ट्यावर, पर्सवर पांढरट भुकटी. कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, आणि घराबाहेर पडून तास-दोन तास झाले की बरं वाटतं. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर येते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, पाहुणे यायचे, भिंती अशा कशा ठेवायच्या म्हणून पेंटर येतो, भिंत घासतो, रंगाचे दोन हात मारतो. चवथीचे दिवस रंगाच्या वासात जातात आणि दसऱ्याच्या आत ठिपके त्याच जागी हजर.

गोव्यात फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात असल्यामुळे हे मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. गावाकडच्या जुन्या घरांत राहणारे नातेवाईकही तेच सांगतात. बहुतेक जण शेवटी विचारतात, एअर प्युरिफायर कुठला घेऊ? मी सांगतो, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. धुळीच्या हिशेबाने पाहिलं तर पावसाळ्यात गोव्यातली बाहेरची हवा वर्षभरातली सर्वांत स्वच्छ असते. डिचोली-साखळीकडच्या खाणींची तांबडी धूळ बसलेली असते, हवेतले कण पाऊस धुऊन नेतो. म्हणजे या दिवसांत घरात जे बिघडतं ते घरातच तयार होतं, आणि ते ओलीवर जगतं. ओल तशीच ठेवून हवा गाळत बसलं की गाळणी बदलायचा खर्च तेवढा वाढतो.

आधी मोजा

एक हायग्रोमीटर घ्या. हवेतली आर्द्रता दाखवणारं हे छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. स्वस्त यंत्रं पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून घरीच तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ विरघळून जाऊ देऊ नका. झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे, एवढंच.

आता ते हॉलच्या मधोमध न ठेवता कपाटाच्या मागे, पलंगाखाली, त्या ठिपक्यांच्या जवळ ठेवा. बुरशीला पाण्याचा थेंब लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तेवढं तिला पुरतं. घरातली आर्द्रता ६० च्या खाली ठेवावी असं म्हणतात. गोव्याच्या जुलैत यंत्राशिवाय ते जमणार नाही हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण ९० चे ७० झाले तरी बुरशीची वाढ मंदावते आणि वास उतरतो.

ठिपका कुठे आहे, त्यावरून पाणी कुठलं

घरात ओल चार वाटांनी येते: जमिनीतून वर चढते, पावसाने बाहेरून आत शिरते, एखादी पाइप गळते, किंवा हवेतली वाफ थंड भागावर जमते. चौघांचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. गफलत होते ती इथेच. वाफेच्या बुरशीला वॉटरप्रूफिंग केलं जातं आणि गळक्या पाइपला बुरशीरोधक रंग.

जमिनीतून चढणारी ओल फरशीपासून सुरू होते, गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत जाते आणि वर एक वेडीवाकडी रेघ सोडते. त्या रेघेजवळ भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी हाताला येते. ही भुकटी क्षारांची असते, बुरशी नसते. पाणी शिंपडलं तर क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही.

पावसाचा डाग मोठी सर झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी गडद होतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो. आपल्याकडे मोसमी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे घराची ती बाजू सर्वाधिक मार खाते. डाग पूर्वेच्या भिंतीवर असेल तर पावसावर आळ घेण्याआधी त्या भिंतीमागे बाथरूम आहे का ते पाहा.

पाइपची गळती ऋतू पाळत नाही. मार्चमध्येही डाग ओला असेल तर तो पाइपचाच. वरच्या फ्लॅटवाल्याशी भांडण काढायचं असेल तर मार्चमध्ये काढावं. जुलैत तो पावसाकडे बोट दाखवतो आणि तुमच्याकडे पुरावा नसतो. (सोसायटीच्या सभा मार्चमध्ये ठेवायचा माझा आग्रह त्यासाठीच आहे.)

वाफेची बुरशी सुट्या ठिपक्यांची असते. कपाटामागे, छताच्या कोपऱ्यात, पडद्याच्या आड, जिथे हवा हलत नाही तिथे.

डोळ्यांनी कळत नसेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. वीतभर चौकोन भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी पाहा. थेंब फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर पाणी हवेतलं. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतलं. ही चाचणी फुकटात होते, आणि तिच्यामुळे वॉटरप्रूफिंगचं आख्खं कंत्राट वाचल्याची उदाहरणं आमच्याच इमारतीत आहेत.

चिऱ्याचं जुनं घर

चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी असायची, त्यामुळे प्यालेलं पाणी वाफ होऊन निघून जायचं. आता त्यावर सिमेंटचा गिलावा करतात आणि वर चकचकीत प्लास्टिक इमल्शन लावतात. पाणी जमिनीतून येतच राहतं, बाहेर पडायची वाट मात्र बुजलेली. मग ते आणखी वर चढतं. पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल कमरेपर्यंत आली, अशी तक्रार नेमकी सिमेंट गिलावा केलेल्या घरांतून येते.

दुसरं कारण घराबाहेर असतं. अंगणात पेव्हर घातले, वर्षा-दोन वर्षांनी त्यावर आणखी एक थर आला, आणि जोतं अंगणाच्या पातळीला येऊन बसलं. आता पागोळ्यांचं पाणी फरशीवर आपटून थेट चिऱ्यावर उडतं. भिंतीलगतचे हातभर पेव्हर काढून तिथे खडी भरा, अंगणाचा उतार घरापासून बाहेर करा, वळचणीला पन्हळ लावा. पन्हळ लावायची तर मेअखेर झाडाचा पाला काढण्याची सवयही हवी, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात ती भरून वाहते आणि भिंत आधीपेक्षा जास्त भिजते.

पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यापुरती नारळाच्या चुडतांची झापं बांधायची रीत होती. झापांमागे हवा खेळायची. आता निळी ताडपत्री भिंतीला चिकटवून बांधतात आणि आत भिंत कोंदटते. ताडपत्रीच बांधायची तर बांबू रोवून भिंतीपासून हातभर लांब बांधा.

आतल्या बाजूचा खरा उपाय म्हणजे ओलीच्या रेघेच्या वर हातभरापर्यंत सिमेंट गिलावा काढणं, भिंत उन्हाळाभर उघडी सोडणं, मग चुन्याचा गिलावा करणं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो आणि काम सावकाश होतं. पण रंगावर रंग चढवत राहण्यापेक्षा ते परवडतं.

फ्लॅट असेल तर

पावसाचं पाणी शिरायची सर्वांत सामान्य जागा म्हणजे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. तिच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पट्टीत साठलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. ती मातीने, मेलेल्या किड्यांनी बुजतात, पट्टी भरते आणि पाणी आत सांडून खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. जुना टूथब्रश आणि तार घेऊन मेमध्ये ती भोकं साफ करा. दहा मिनिटांचं काम. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार आहे का, कट्ट्याच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी तुटून पडण्यासाठी खाच आहे का, हेही पाहा. खाच नसेल तर पाणी कट्ट्याखालून सरकत भिंतीवर येतं.

मग येतो एसी, आणि इथे लोक सर्वांत जास्त चकतात. जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा सुमारे २५ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी जमायला लागतं. तुम्ही बेडरूम रात्रभर २० वर ठेवता. बेडरूम आणि हॉल यांच्यामधली भिंत चार इंची असते, ती हॉलच्या बाजूनेही गार होते. बेडरूममधली हवा एसीने सुकवलेली असते, हॉलमधली नसते. परिणामी घाम फुटतो तो हॉलच्या बाजूला. एसी नसलेल्या खोलीत बुरशी आणि कारण शेजारच्या खोलीत, हे कोडं मी अनेक घरांत पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी आधी बिचाऱ्या पेंटरला शिव्या बसलेल्या असतात. उपाय सोपा आहे: एसी २६ किंवा २७ वर ठेवून पंखा लावा, त्या भिंतीला हॉलच्या बाजूने सोफा किंवा शोकेस चिकटवू नका, बेडरूमचं दार सताड उघडं ठेवून एसी चालवू नका.

लहान खोलीत मोठा एसी हाही एक घोळ. दहा बाय दहाच्या खोलीत दीड टनाचा एसी पाच-सात मिनिटांत थंडी देतो आणि कॉम्प्रेसर बंद करतो. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि चिकट, अंथरूण दमट. असा एसी घरात असेलच तर पावसाळ्यात ड्राय मोड वापरा.

एसी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं ओल्या मोज्यांसारखा आंबट वास येतो तो आतल्या कॉइलवरच्या आणि ब्लोअरच्या चाकावरच्या बुळबुळीचा. टॉर्च घेऊन एसीच्या तोंडातून आत पाहा. गोल फिरणाऱ्या चाकाच्या पात्यांवर काळे ठिपके दिसले तर जाळी धुऊन भागणार नाही. मेकॅनिकला ब्लोअर आणि पाण्याची ट्रे खोलून धुवायला सांगा, आणि तो धूत असताना तिथे उभे राहा, कारण पुष्कळ वेळा ‘सर्व्हिस’ म्हणजे जाळीवर पाण्याचा फवारा एवढंच असतं. जाळी मात्र तुम्हीच दर पंधरा दिवसांनी धुवा. झोपेतून उठल्यावर एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसता फॅन मोडवर सोडला की कॉइल सुकते.

शिवाय साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. बंद खोलीत तिघं-चौघं झोपली की सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो. बंद बेडरूममध्ये पहाटेपर्यंत तो १००० च्या बराच वर जातो. खिडकीची एक फट बोटभर उघडी राहू द्या. थोडी दमट हवा येईल, एसी ती सुकवेल.

आपणच केलेली ओल

हे कुणाला खरं वाटत नाही, पण स्वयंपाकाचा गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो एलपीजीमागे सुमारे दीड किलोहून थोडं अधिक. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून जळून जळून २२ लीटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात येतं. भांड्यांतून उकळणारी वाफ वेगळीच, आणि आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज शिजायला किती वेळ लागतो ते सांगायला नको. झाकण ठेवा, कुकर वापरा, आणि चिमणीची पाइप बाहेर काढलीय का ते पाहा. पाइप नसलेली, कोळशाच्या गाळणीतून हवा परत घरातच सोडणारी चिमणी तेल थोडं पकडते. वाफ अजिबात नाही. त्यापेक्षा जुना एक्झॉस्ट पंखा बरा. तो चालू असताना समोरच्या बाजूची एखादी खिडकी किंचित उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता गरगरतो.

दुसरं म्हणजे कपडे. वॉशिंग मशीनमधून निघालेल्या चार किलो कपड्यांत दोनेक लीटर पाणी असतं. बेडरूममध्ये दोरी बांधून पंख्याखाली सुकवले की ते सगळं गाद्या-उशांत आणि भिंतीत जातं. स्पिन दोनदा करा. बाल्कनीला छप्पर असेल तर तिथे, नसेल तर एकच खोली ठरवून, तिचं दार लावून, एक्झॉस्ट किंवा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) चालवून सुकवा.

खिडक्या उघडाव्यात का?

‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला बरोबर आहे, पण गोव्याच्या पावसात अर्धाच. टक्क्यांनी फसगत होते. बाहेर पाऊस पडतोय, २६ अंश, ९५ टक्के: एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी. घरात २९ अंश, ८० टक्के: तेही सुमारे २३ ग्रॅमच. खिडक्या उघडून घर सुकणार नाही. पण उघडीप मिळालेल्या दुपारी बाहेर ३० अंश आणि ६८ टक्के असेल तर पाणी २१ ग्रॅमच्याही खाली येतं, तेव्हा मात्र सगळ्या खिडक्या, कपाटाची दारं, ड्रॉवर उघडा आणि पंखे पूर्ण वेगाने लावा. संध्याकाळी गारवा पडायच्या आत बंद.

पावसाच्या दिवशीही फोडणीचा धूर, माणसांच्या श्वासांनी कोंदलेली हवा, रंगाचा वास घालवायला थोडा वेळ खिडक्या उघडाव्याच लागतात. त्याने घर सुकेल अशी अपेक्षा फक्त धरू नये.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. भिंतीत बसवलेलं असेल तर दारांना जाळीच्या पट्ट्या पाडून घ्या आणि कपडे कोंबू नका. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे खरंच काम करतात, पण दार घट्ट बंद असेल तरच. साठलेलं पाणी खारट आणि बुळबुळीत असतं, चामड्यावर सांडलं तर चामडं जातं. डांबर गोळ्या ओल शोषत नाहीत, फक्त वास झाकतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नयेत: ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात, आणि ही कमतरता आहे हे घरच्यांना आधी ठाऊक नसतं.

ठिपके पुसताना

कोरड्या ब्रशने किंवा झाडूने घासू नका, त्याने बुरशीचे कण घरभर होतात. पंखा बंद, दार बंद, खिडकी उघडी. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. टाइल, काचेवर ब्लीच चालतं. गिलाव्यावर ते वरचा रंग उडवतं, आतली मुळं तशीच राहतात. तिथे रंगाचा पापुद्रा खरवडून काढावा लागतो, तोही ओला करून. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. बाथरूमसारख्या कोंडलेल्या जागेत हा प्रकार जिवावर बेततो.

फोमच्या गादीत बुरशी शिरली असेल तर ती गादी गेली. कापसाची असेल तर उन्हं पडल्यावर फोडून, पिंजून पाहता येईल. सकाळच्या शिंका कधी कधी बुरशीच्या नसतात, गादीतल्या धूलिकिड्यांच्या असतात. दमट हवेत तेही फोफावतात. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवून बघा. छातीत घरघर असेल, लहान मुलाला धाप लागत असेल तर मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा, आणि त्यांना घरातल्या ओलीबद्दल आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही.

कुबट वासावर धूर

वास घालवायला अगरबत्ती, धूप, ऊद, आणि डासांसाठी कॉइल, हे सगळं बंद खिडक्यांच्या घरात. देवापुढच्या दोन अगरबत्त्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण एक डासांची कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालंय. या कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची ६० आहे. बंद खोलीत कॉइल लावून झोपल्यावर यातली कुठलीच पाळली जात नाही. मच्छरदाणी लावा. खिडक्यांना जाळ्या आणि वर पंखा, एवढ्यावर पुष्कळ भागतं. बाळंतिणीच्या खोलीतली ओव्या-वावडिंगाची धुरी आज्यांना सोडवत नाही हे मला माहीत आहे. निदान धुरी करताना बाळाला दुसऱ्या खोलीत न्या आणि खिडकी उघडा.

पावसाची झड येते म्हणून न्हाणीघराच्या झडपांना प्लास्टिक लावलं जातं आणि आत गॅस गीझर असतो. हे आजच्या आज काढा. कोंडलेल्या जागेत गीझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, माणूस बादलीजवळच कोसळतो. वीज गेल्यावर बंदिस्त बाल्कनीत जनरेटर लावणाऱ्यांनाही हेच लागू.

मग यंत्र घ्यावं का?

एकच यंत्र घेणार असाल तर पावसाळ्यासाठी डीह्युमिडिफायर. दिवसाला १० ते १२ लीटर अशी क्षमता लिहिलेली असते, पण ती बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. खोली सुकत गेली की पाणी कमी निघतं आणि ते यंत्र बिघडल्याचं लक्षण नाही. खोली एक-दोन अंशांनी गरम होते. दारं-खिडक्या बंद करूनच चालवा, नाहीतर तो अख्खा तालुका सुकवायला निघेल. सगळ्या घरासाठी एक घेण्यापेक्षा बेडरूम किंवा कपड्यांची खोली ठरवून तिथेच ठेवा.

प्युरिफायरचा उपयोग डिसेंबर ते मे. खाणपट्ट्यात, किंवा रस्त्याच्या मोठ्या कामाशेजारी राहत असाल तर नक्की. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत हवा ताशी पाच वेळा गाळायची तर ताशी १७० घनमीटर क्षमता लागते. खोक्यावर सीएडीआर, म्हणजे ताशी किती स्वच्छ हवा मिळते तो आकडा, लिहिलेला असतो तो पाहा. त्यातली हेपा नावाची बारीक गाळणी बुरशीचे उडते कण पकडते, पण ओल तिच्या आवाक्यात नाही. झाडांनी हवा शुद्ध होते ही समजूत बंद डब्यातल्या प्रयोगांवरून आली. घरात तसा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील. हौसेसाठी ठेवा, पण पावसाळ्यात बाल्कनीत.

मुंबईला किंवा आखातात राहणाऱ्यांचे जे फ्लॅट इथे वर्षभर बंद असतात, त्यांनी जाताना कपाटांची दारं उघडी ठेवावीत, गाद्या उभ्या कराव्यात, फ्रिज रिकामा करून उघडा सोडावा आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. उघडीप मिळाली की तो दोन तास खिडक्या उघडेल. परत आल्यावर त्याला आणायची ती मिठाई आणा.

राहिला रंग. ओल्या भिंतीवर रंग मारला की आतलं पाणी कोंडतं, फुगे येतात, आणि बुरशीला रंगातलं खाद्यही मिळतं. चवथीसाठी भिंत स्वच्छ पुसा, फार तर चुन्याचा हात द्या. रंगकाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ठेवा. आधी फॉइलची चाचणी पुन्हा करा, दोन दिवसांनी भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तरच पुट्टी लावू द्या. पेंटर ‘आज लावून टाकू, सुकेल आपोआप’ म्हणेल. ऐकू नका. चवथीच्या आठवड्यापूर्वी जो फोन उचलत नाही, तो फेब्रुवारीत दोन दिवस थांबतो.